रेषेचा हात आणि रेंजफाइंडर

जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांवर लिहिणारा बहुधा नावांपासून सुरुवात करतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा लायका, रॉबर्ट कापा यांचा काँटॅक्स, रोदचेंकोंचा लायका, बेन शान यांचा लायका. मग भिंगांचे आकडे येतात, कारखान्यांची साले येतात, लिलावातल्या किमती येतात, आणि थोर छायाचित्र त्या धातूच्या डबीतच कुठेतरी दडलेले होते असे वाचकाला हळूहळू वाटू लागते. यातली बरीच माणसे कॅमेरा हाती धरण्याआधी चित्रकार होती, ही गोष्ट मात्र त्या यादीत हरवते. ब्रेसाँ पॅरिसमध्ये आंद्रे लोत यांच्या चित्रशाळेत शिकले होते. शान भित्तिचित्रे रंगवत. रोदचेंको चित्रकार होते, शिल्पकार होते, पोस्टरे करत. सॉल लायटर न्यूयॉर्कला आले तेच मुळी चित्रकार व्हायला. हा लहान कॅमेरा या मंडळींच्या हाताला बसला तो त्यांच्या रेखाटनाच्या सवयीमुळे, असे माझे म्हणणे आहे. ते खरे असेल, तर या कॅमेऱ्याची गोष्ट मराठी वाचकाला सांगताना जर्मनीतल्या वेट्झलार गावातल्या लायकाच्या कारखान्यापाशीच थांबण्याचे कारण नाही. ज्या गावात चित्रकला आणि छायाचित्रण एकाच अंगणात नांदले, तिथून ती अधिक नीट कळते. औंध हे असे गाव आहे.

औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. संस्थानाच्या काळी त्याच्या नावाखाली बहात्तर गावे होती आणि तीही सलग नव्हती. आटपाडी आणि कुंडल हे त्याचे भाग आता सांगली जिल्ह्यात मोडतात. मुलूख बराचसा कोरडा, उत्पन्न बेताचे. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजे बाळासाहेब (१८६८–१९५१), १९०९ मध्ये इथल्या गादीवर बसले. ते स्वतः चित्रे काढत, कीर्तन करत, आणि सूर्यनमस्कारांचा प्रसार हे तर त्यांनी व्रतच मानले होते. १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर त्यांनी श्रीभवानी वस्तुसंग्रहालय उभे केले. राजा रविवर्मा आणि रावबहादूर धुरंधर यांची चित्रे तिथे आहेतच. पण हेन्री मूर यांचे ‘माता आणि बालक’ हे शिल्पही तिथे आहे, आणि खटावच्या डोंगरावर ते पाहताना कोणालाही आश्चर्य वाटावे. मूर यांच्याविषयीची एक गोष्ट आपल्या विषयाला जवळची आहे. आपल्या शिल्पांची छायाचित्रे ते स्वतः काढत. दगड कोणत्या बाजूने, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात पाहावा, हा निर्णय त्यांना दुसऱ्या कोणावर सोपवायचा नव्हता. कलावंताला कॅमेरा कशासाठी लागतो, याचे एक साधे उत्तर यात आहे: पाहण्याची जागा ठरवण्यासाठी.

बाळासाहेबांच्या कामाकडे या दृष्टीने पाहिले तर एक सुसंगत विचार दिसतो. १९१६ मध्ये त्यांचे ‘चित्ररामायण’ आले. ते ब्रशाचे काम होते आणि दुसरे काही असूही शकत नव्हते, कारण राम कोणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले, आणि त्या आवृत्तीसाठी चित्रे काढण्याचे कामही अंगावर घेतले. सूर्यनमस्कारांच्या पुस्तकांची वेळ आली तेव्हा मात्र त्यांनी छायाचित्रे वापरली. गुडघा कुठे टेकतो, कोपर किती वाकते, छाती जमिनीपासून किती उंच राहते, या बाबतीत चित्रकाराच्या हाताचे लाघव उपयोगाचे नव्हते. वाचकाला प्रत्यक्ष शरीर दाखवायचे होते. एकाच माणसाने, जवळपास एकाच काळात, एका कामासाठी ब्रश उचलला आणि दुसऱ्यासाठी कॅमेऱ्यावर भिस्त ठेवली, आणि दोन्ही वेळा नेमके कारण होते. ‘चित्रकला की छायाचित्रण’ हा वाद ज्यांना अटीतटीचा वाटतो त्यांनी या निवडीकडे लक्ष द्यावे. हातात दोन्ही साधने असलेल्या कलावंतासमोर तो वाद उभाच राहत नाही. कोणत्या कामाला काय लागते, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे असतो.

हा प्रश्न सर्वांत कठीण झाला तो अजिंठ्याला. तिथला इतिहास थोडा मागून पाहावा लागतो. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रासच्या सैन्यातले अधिकारी रॉबर्ट गिल यांना लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करायला धाडले. गिल यांनी वर्षानुवर्षे तिथे काढली. त्यांची मोठी तैलचित्रे लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली असताना १८६६ च्या आगीत बहुतेक जळून गेली. त्यानंतर १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा आरंभले, आणि लंडनला पाठवलेल्या त्या प्रतिकृतींपैकीही पुष्कळ १८८५ च्या आगीत गेल्या. हाताने केलेली प्रत एकच असते आणि ती जळली की संपली, हा धडा अजिंठ्याने दोनदा दिला. गिल यांनी मात्र मध्यंतरी आणखी एक गोष्ट केली होती. चित्रकार असूनही ते छायाचित्रणाकडे वळले होते, आणि १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह लेण्यांची त्यांची छायाचित्रे पुस्तकरूपाने निघाली. ही छायाचित्रे जोडीने घेतलेली होती. दोन भिंगे शेजारी शेजारी, दोन डोळ्यांसारख्या अंतरावर. त्यांतून उमटलेल्या दोन प्रतिमा खास चष्म्यातून एकत्र पाहिल्या की खांबामागचा खांब, मूर्तीमागची भिंत मागेपुढे वेगळी उभी राहते. दोन जागांवरून पाहिले की अंतर कळते, हे तत्त्व पुढे रेंजफाइंडरचा गाभा झाले, म्हणून ते इथे नोंदवून ठेवतो. महाराष्ट्रात चित्रकाराच्या हाती कॅमेरा आला त्याच्या पहिल्या ठळक उदाहरणात, ज्याला पुढे इतके महत्त्व आले ती अंतराची मोजणीच मध्यभागी होती.

बाळासाहेब अजिंठ्याला गेले ते गिल आणि ग्रिफिथ्स यांच्या मागून, आणि गेले ते चित्रकारांना बरोबर घेऊन. वेरूळ आणि अजिंठा यांवरची त्यांची पुस्तके अनुक्रमे १९२९ आणि १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर कॅमेरा नवा राहिला नव्हता, लेण्यांची छायाचित्रे पुष्कळांनी काढली होती. तरीही त्यांनी हाताने प्रती का करवून घेतल्या, याचे उत्तर लेण्यांच्या अंधारात आहे. आतवर उजेड पोचत नाही, भिंतीवर धूर आणि वार्निश यांचे थर साचलेले, रंग कुठे उडालेले, कुठे दबलेले. आणि त्या काळातली छायाचित्राची नेहमीची काच रंग टिपत नव्हती. ओठाचा तांबडा आणि त्याशेजारचा हिरवा काळ्यापांढऱ्यात एकाच करड्या छटेत बुडून जातो. चित्रकार मात्र तासन्‌तास उभा राहून, डोळा सरावला की, उरलेल्या रेषेचा माग काढत जातो. इथे हात श्रेष्ठ ठरला, आणि तो श्रेष्ठ का ठरला याचे कारण मोजून दाखवता येते. कलेच्या पावित्र्याचा इथे संबंध नाही.

योगायोग असा की, १९३२ या वर्षीच, अजिंठ्याचे हे पुस्तक निघाले तेव्हा, लायका टू आणि काँटॅक्स हे दोन कॅमेरे बाजारात आले. ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाच्या पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा १९१३–१४ मध्येच करून पाहिला होता. १९२५ च्या लाइपझिगच्या वसंत जत्रेत तो लायका या नावाने लोकांपुढे आला. एका रोलवर छत्तीस चित्रे, प्रत्येक चित्र चोवीस गुणिले छत्तीस मिलिमीटर. पण त्या पहिल्या कॅमेऱ्यात अंतर मोजायची सोय अंगची नव्हती. अंदाजाने भिंग फिरवायचे किंवा वरून वेगळे मापक बसवायचे. १९३२ मध्ये ते मापक कॅमेऱ्याच्या अंगात आले आणि भिंगाशी जोडले गेले.

ते चालते कसे, हे थोडे जवळून पाहायला हवे, कारण सारा मुद्दा त्यावर उभा आहे. कॅमेऱ्याच्या समोरच्या अंगाला काही सेंटिमीटर अंतरावर दोन लहान खिडक्या असतात. एका खिडकीतून समोरचे दृश्य सरळ डोळ्यापर्यंत येते. दुसऱ्या खिडकीतून आलेले दृश्य आतल्या आरशाने वळवून पहिल्याच्या मध्यभागी एका फिकट, पिवळसर ठिपक्यात टाकले जाते. फोकस चुकलेला असेल तर त्या ठिपक्यात माणसाची दोन नाके दिसतात, दाराची चौकट दुहेरी दिसते. भिंगाचे कडे बोटाने फिरवत गेले की दुसरी प्रतिमा सरकत सरकत पहिलीवर येऊन बसते. चौकटीची रेघ एक झाली की अंतर जुळले. यंत्र पाहणाऱ्याला एवढाच प्रश्न विचारते, की ही कड त्या कडेवर बसली का? तो प्रश्न रेखाटन शिकलेल्या माणसाला नवा नाही. रेखाटनाच्या वर्गात वर्षभर दुसरे काय चालते? कोणती कड कुठे सुरू होते, कोणती कोणाच्या मागे जाते, दोन वस्तूंच्या मध्ये किती मोकळी जागा आहे. रेंजफाइंडरमध्ये प्रकाशाचा किंवा पोताचा अंदाज घेऊन फोकस करता येत नाही, त्याला रेषच लागते. सपाट भिंतीवर किंवा धुक्यावर तो ठिपका निरुपयोगी ठरतो.

दुसरे वैशिष्ट्यही रेखाटणाऱ्याच्या सवयीचे आहे. या कॅमेऱ्यातून पाहताना भिंगातून पाहिले जात नाही. शेजारच्या खिडकीतून पाहिले जाते. त्यामुळे आत सगळे दृश्य सारखेच स्वच्छ दिसते, पुढचे अंधुक आणि मागचे स्पष्ट असा भेद नसतो. १९५४ च्या लायका एम थ्रीमध्ये चौकट उजळ रेघांनी आखलेली होती आणि त्या रेघांच्या बाहेरचेही दिसत असे. त्याच्या खिडकीतली प्रतिमा जवळजवळ डोळ्याला दिसते त्याच आकाराची, म्हणून दुसरा डोळाही उघडा ठेवता येई. चौकटीत कोण यायच्या बेतात आहे, कोण निघून चालले आहे, हे कळत राही. शिवाय चित्र टिपण्याच्या क्षणी, भिंगातूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यांसारखा, आरसा वर उचलला जात नसल्याने दृश्य काळे होत नाही आणि आवाज अगदी थोडा होतो. त्याची किंमतही होती. खिडकी आणि भिंग यांच्या जागा वेगळ्या असल्याने फार जवळच्या वस्तूची चौकट सरकते, आणि एक मीटरच्या आत हे कॅमेरे सहसा कामाचे नसत. अजिंठ्याच्या भिंतीवरची एक भुवई टिपायची असती तर रेंजफाइंडर अगदी चुकीचे साधन ठरले असते.

त्या कामाला योग्य कॅमेरा वेगळा, आणि औंधला तो चांगला परिचयाचा होता. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांना लोक वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखतात. त्यांचा जन्म १८६७ मध्ये सावंतवाडीजवळ कोलगावी झाला. जे. जे.मध्ये ते चित्रकला शिकले, पुढे हैदराबादेत आणि मग लाहोरला चित्रकार-छायाचित्रकार म्हणून त्यांनी पोट भरले. लाहोरला त्यांचा स्टुडिओ होता. स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिल्याबद्दल सरकारचा रोष पत्करलेला हा माणूस १९१८ मध्ये औंधला आला तो बाळासाहेबांच्या आश्रयाने, आणि स्वाध्याय मंडळ या आपल्या वेदाभ्यासाच्या संस्थेचे बरेच मोठे काम त्यांनी औंधातूनच केले. १९४८ नंतर ते आजच्या गुजरातमधल्या पारडीला गेले. त्यांच्या पिढीच्या स्टुडिओत कॅमेरा तिपाईवर असे. छायाचित्रकार डोक्यावर काळे फडके घेऊन दुधी काचेवर पाही, आणि काचेवर प्रतिमा उलटी पडे: डोके खाली, पाय वर. चित्र उलटे धरून त्याची मांडणी तपासायची सवय चित्रकारांना असतेच, कारण उलटे झाले की माणूस ओळखू येत नाही, आकारच तेवढे दिसतात. तेव्हा मोठा कॅमेराही चित्रकाराचाच होता. पण तो घोडीवर कॅनव्हास लावून बसणाऱ्या चित्रकाराचा. समोरच्याला बसवायचे, उजेड ठरवायचा, काच चढवायची, मग श्वास रोखायला सांगायचे. ज्या चित्रकाराला बाजारात उभे राहून वहीत भराभर माणसे टिपायची असतात, त्याच्यासाठी मोठ्या कॅमेऱ्यात काही नव्हते. ती जागा १९२५ नंतर भरली गेली.

माझा मुद्दा थोडक्यात एवढाच: तिपाईवरचा कॅमेरा हे चित्रकाराच्या चित्रशाळेचे विस्तारलेले रूप आहे आणि रेंजफाइंडर हे त्याच्या रेखाटनवहीचे. जिथे रेखाटनवहीची परंपरा होती तिथे रेंजफाइंडर कलावंतांच्या हातात टिकला. ब्रेसाँ यांचेच पाहा. लोत यांच्या चित्रशाळेत भूमितीची शिस्त अंगी बाणली, १९३०च्या दशकाच्या आरंभी लायका हाती आला, आणि पुढची चाळीसेक वर्षे त्यांनी त्याच जातीचा कॅमेरा, बहुतांशी पन्नास मिलिमीटरचे एकच भिंग लावून, वापरला. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींना त्यांनी पाहिले ते हत्येच्या थोडाच वेळ आधी. त्या दिवसांतली त्यांची छायाचित्रे आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. १९५२ मधल्या त्यांच्या पहिल्या मोठ्या पुस्तकाचे मुखपृष्ठ चित्रकार मातीस यांनी केले होते. आणि १९७०च्या दशकात त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला तेव्हा ते पेन्सिलीकडे परतले. त्यांच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना रेखाटन आहे, कॅमेरा मधे आहे. बेन शान यांचे उदाहरण आणखी स्पष्ट आहे: रस्त्यावरच्या माणसांना कळू न देता टिपण्यासाठी ते लायकाला काटकोनात पाहणारा व्ह्यूफाइंडर लावत, आणि त्या छायाचित्रांतून पुढे चित्रे रंगवत. त्यांचे १९३९ चे ‘हँडबॉल’ हे चित्र त्यांच्याच छायाचित्रावरून आले आहे. छायाचित्र म्हणजे त्यांच्यासाठी वहीतले पान होते.

यावर पहिला आक्षेप काटेकोर वाचकाचा असेल. रोदचेंकोंनी लायका घेतला तो १९२८ मध्ये. तेव्हाच्या कॅमेऱ्यात अंगचा रेंजफाइंडर नव्हताच, मग त्यांना या यादीत कशाला घालायचे? आक्षेप बरोबर आहे, आणि त्याने माझे म्हणणे उलट पक्के होते. अंतर डोळ्याने जोखून ते काम करत होते, कारण चित्रकार असल्याने डोळ्याने जोखणे हाच त्यांचा व्यवसाय होता. १९३२ मध्ये आलेल्या दोन खिडक्यांनी तो अंदाज यंत्रात आणला, तो अंदाज घेण्याची गरज नवी निर्माण केली नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. त्या काळी हातात धरण्याजोगा, जलद, पस्तीस मिलिमीटरचा चांगला कॅमेरा दुसरा होता कुठे? मग कलावंतांनी रेंजफाइंडर निवडला यात त्यांच्या रेखाटनाचा काय संबंध, बाजारात जे होते तेच त्यांनी घेतले. यात बरेच तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. आरसा असलेला पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा १९३६ मध्ये आला खरा, पण तो सहज हाती चालेल असा व्हायला पुढची दोन दशके गेली. तरी दोन गोष्टी उरतात. एक म्हणजे पर्याय अजिबात नव्हता असे नाही. १९२९ पासून रोलायफ्लेक्स होता: कंबरेशी धरायचा, वरून दुधी काचेवर पाहायचे, मोठी चौकोनी निगेटिव्ह. आपल्याकडे वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी तो वापरला, आणि त्या जे. जे.च्याच विद्यार्थिनी. चित्रशाळेत शिकलेला प्रत्येकजण रेंजफाइंडरकडे वळला असा दावा केला तर व्यारावालांचे सारे काम त्याच्या विरुद्ध साक्ष देईल. वृत्तपत्राला मोठी निगेटिव्ह आणि भरवशाचा फ्लॅश लागतो, समारंभात पाहुणे एका जागी उभे असतात. त्यांची निवड त्यांच्या कामातून झाली होती, जशी बाळासाहेबांची सूर्यनमस्कारांच्या छायाचित्रांची झाली. दुसरी गोष्ट म्हणजे १९५९ मध्ये निकॉन एफ आल्यानंतर वृत्तछायाचित्रकार मोठ्या संख्येने आरशाच्या कॅमेऱ्याकडे गेले. पर्याय समोर असताना कोण मागे राहिले, हे तपासले तर ब्रेसाँ आणि त्यांच्यासारखे, रस्त्यावर रेखाटनासारखे काम करणारे राहिले. खरी निवड तिथे दिसते.

लिलावातल्या किमतींमुळे रेंजफाइंडर ही श्रीमंतांची हौस झाली आहे, हा तिसरा आक्षेप आजच्या संग्राहकांपुरता योग्य आहे. तो कॅमेऱ्याच्या साऱ्या इतिहासाला लागू होत नाही. १९३४ पासून सोव्हिएत संघात खारकोवच्या अनाथ मुलांच्या वसाहतीत लायकाची नक्कल ‘फेड’ नावाने होऊ लागली. कॅमेऱ्याची प्रतिष्ठा आणि कॅमेऱ्याचा उपयोग या दोन गोष्टींची गल्लत आपण केली आहे, कलावंतांनी केली नव्हती.

आता सर्वांत थेट आक्षेप, आणि तो मराठी वाचकाकडून येईल. औंधात चित्रे होती, तिपाईवरचे कॅमेरे होते. पण रेखाटनवही आणि छोटा कॅमेरा यांचा जो धागा तुम्ही जोडता, तो इथे कुठे आहे? तो चित्रशाळेत शोधला तर हाती थोडे लागते. किर्लोस्करवाडीत शोधावा. बाळासाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्याची वसाहत उभारली. लक्ष्मणराव जे. जे.त चित्रकला शिकायला गेले होते. रंग ओळखण्यात त्यांचा डोळा कमी पडतो असे निघाले, तेव्हा रंग सोडून ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. रंग गेला तरी रेष उरते आणि तिच्यावर जन्मभराचे काम उभे राहते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. त्याच वाडीवरून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, लाहोरला सातवळेकरांच्या हाताखाली चित्रकला शिकून आलेले. ‘टाकांच्या फेकी’ या त्यांच्या सदरातली व्यंगचित्रे मराठी मासिकांना नवी होती: घाईत पकडलेला हावभाव, दोन-चार रेघांत माणूस. गुरू काळ्या फडक्याखालून उलटी प्रतिमा न्याहाळणारा, शिष्य टाकाच्या फटक्यात चालती माणसे टिपणारा. एका पिढीत पाहण्याची गती किती बदलली, हे या दोघांकडे शेजारी शेजारी पाहिले की दिसते. पंडितजींचे चिरंजीव माधवराव सातवळेकर (१९१५–२००६) औंधच्या या वातावरणात वाढले, जे. जे.नंतर युरोपात शिकले, पुढे महाराष्ट्राचे कलासंचालक झाले; त्यांच्या चित्रांत बाजार, वाटा, कामात गुंतलेली माणसे सतत येतात. रेखाटनवहीची सवय औंधच्या मुलखात होती, आणि भक्कम होती. पण लायका आणि काँटॅक्स परदेशी आणि महाग, फिल्मचे रोलही बाहेरून येणारे. ज्या काळात ही सवय इथे बहरली त्या काळात ते साधन इथल्या बहुतेक कलावंतांच्या आवाक्याबाहेर होते. आपल्याकडच्या कलावंतांच्या छायाचित्रणाचा इतिहास मोठ्या कॅमेऱ्यांचा इतिहास झाला, त्याचे कारण दृष्टीत शोधू नये, खिशात शोधावे.

शेजारच्या कोल्हापूरने या अडचणीवर वेगळा उपाय काढला, तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीने सिनेमाचा कॅमेरा स्वतःच घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पूर्ण केला. पडदे रंगवणारा माणूस लेथवर कॅमेऱ्याचे भाग करतो आणि चित्रीकरणाआधी वेशभूषा, प्रसंग कागदावर रेखाटून घेतो: रेषेतून कॅमेऱ्याकडे जाणारी हीच वाट. छायाचित्राचा आधार घेणारा चित्रकार म्हणजे कमी दर्जाचा, ही समजूत आपल्या कलाविचारात अजूनही कुठे कुठे दिसते. बाबूराव, शान, गिल, बाळासाहेब यांची कामे एका ओळीत मांडली की ती टिकत नाही. आधार घेण्यात कमीपणा नाही. कशासाठी घेतला ते कळत नसेल तर मात्र चित्रात ते लगेच दिसते.

म्हणून पुढे जे कॅमेरे आणि जी नावे येतील ती वाचताना वाचकाने एक गोष्ट करावी. प्रत्येक कलावंताच्या कॅमेऱ्याबरोबर त्याची वही मागावी: तो कुठे शिकला, काय रेखाटत होता, कॅमेरा हाती आल्यावर त्याच्या रेषेत काय बदलले आणि कॅमेरा सोडल्यावर काय राहिले. आपल्या मुलखात हे काम अजून व्हायचे आहे. जुन्या चित्रकारांच्या घरांत चित्रे जपली जातात, रेखाटनवह्या रद्दीत जातात, निगेटिव्हच्या डब्यांना बुरशी लागते आणि कॅमेरा तेवढा शोकेसमध्ये राहतो. संग्रहालयांची दालनेही बहुतेक अशीच लावलेली असतात; चित्र एका भिंतीवर, यंत्र दुसऱ्या कपाटात. वही, निगेटिव्ह आणि चित्र ही तिन्ही एकाच टेबलावर, एकाच कलावंताच्या नावाखाली ठेवून पाहण्याची सोय औंध, कोल्हापूर, सांगली आणि किर्लोस्करवाडी या टापूत झाली, तर शंवाकिंच्या टाकाची रेघ आणि त्याच दशकातल्या मासिकांतली छायाचित्रे प्रथमच शेजारी ठेवून तपासता येतील.